मोरीचं इंग्रजी आणि शेठचा खवा

पनवेलात गाईंच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस झाला नाही, असं मी अजूनही चारचौघांत सांगतो. आता खरं सांगायचं तर आबांच्या गोठ्यात कामाला लागलो त्या पहिल्याच सकाळी मी एका भाकड गाईखाली चरवी धरून अर्धा तास बसलो होतो. गाय बिचारी वळून वळून बघत होती. शेवटी आबा म्हणाले, "दगडू, ती लाजतेय. शेजारणीकडे जा."

गोठ्यातल्या किश्श्यांचं शेणासारखंच असतं. रोज साफ करा, सकाळी पुन्हा ढीग तयार. म्हणून आज एकाच वर्षाचा ढीग उपसतो, तोही पाऊस सरल्यापासून दिवाळीपर्यंतचा.

* * *

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. आबांच्या सहा गाई होत्या आणि मी एकटा गडी. माझी शाळा तिसरीत सुटलेली, पण गोठ्यात सगळ्यांत शिकलेला मीच. आबा दुसरीत थांबले होते.

आबा माणूस देवासारखा, फक्त पेंडीच्या बाबतीत कंजूस. दुकानात गेले की शेंगदाण्याची पेंड आधी स्वतः चावून बघायचे. एक तुकडा या पोत्यातला, एक त्या पोत्यातला. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "आबा, थोडी गाईंसाठी पण राहू द्या."

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. भाद्रपदाच्या अखेरीस गवत कमरेपर्यंत आलेलं. आबा म्हणाले, "देव हिरवं पिकवतोय तर पेंड कशाला?" पेंड बंद झाली. मीही गाईंपुढे हिरव्या गवताचे ढीग लावले. दूध वाढलं. चरवी भरून फेस बाहेर यायला लागला आणि मी गावभर छाती काढून फिरायला लागलो.

* * *

गवत आणायची यशोदाबाय. खाडीकडच्या गावातली आगरी बाई, नवरा मिठागरावर कामाला. माझ्या आईच्या वयाची. डोक्यावर भारा घेऊन सकाळी यायची, बोलायची मोजकं. अशा माणसाची चेष्टा करायला मला भारी आवडायचं.

आमच्याकडे मोरी नावाची एक हट्टी गाय होती. सहज पान्हा सोडायची नाही. एकदा मी गंभीर तोंड करून सांगितलं, "बाय, ही साहेबाच्या बंगल्यावर वाढलेली आहे. हिला इंग्रजीच कळतं. आधी गुडमार्निंग म्हणावं लागतं."

यशोदाबाय मोरीकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडाशी हात धरून म्हणाली, "गुडमार्निंग, बाय."

मोरीनं तिचा तळहात चाटला आणि पान्हा सोडला.

मी हसायचा थांबलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर मोरीला अशी सवय लागली की यशोदाबायला उशीर झाला तर दूधच नाही. मग कोणी बघत नाही असं बघून मीच म्हणायला लागलो. गुडमार्निंग मोरी, गुडमार्निंग मोरी. दहा वेळा, वीस वेळा. ती ढिम्म. पान्हा सुटायचा तो यशोदाबाय आल्यावरच. मी मनाशी धरलं, आपले उच्चार कच्चे. तिसरीत शाळा सुटल्याचं दुःख मला त्या महिन्यात पहिल्यांदा झालं.

* * *

आमचं निम्म्याहून जास्त दूध मिठाईवाल्या शेठकडे जायचं. शेठची परीक्षा एकच. एक शेर दूध कढईत आटवायचं आणि खवा तराजूत टाकायचा. खवा कमी भरला की त्या माणसाचं दूध बंद.

दिवाळीला पंधरा दिवस राहिले आणि आमचा खवा कमी भरला.

शेठ म्हणाले, "आबा, पाणी."

आबांनी शेठसमोर जानव्याची शपथ घेतली. शेठ म्हणाले, "शपथ कढईत आटत नाही." आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दूध बघायला गोठ्यात आले. पांढरं धोतर, हातात स्वतःची किटली. चंद्री गाईनं पहिल्याच मिनिटाला शेपूट मारून त्या धोतरावर हिरवी सही केली. शेठ हलले नाहीत. डोळा चरवीवर.

मग मोरीची पाळी आली. यशोदाबायचा पत्ता नाही. आबा खुणा करतायत, शेठ बघतायत. शेवटी मी मोरीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो, "गुडमार्निंग."

शेठ आबांना म्हणाले, "हा काय मंत्र घालतो?"

सात वेळा म्हणालो. तेवढ्यात यशोदाबाय आली, भारा टाकला, मोरीच्या तोंडाला हात लावून एकदाच म्हणाली आणि धारा लागल्या. शेठ म्हणाले, "बाईंचं इंग्रजी याच्यापेक्षा चांगलं आहे."

पण दुपारी निरोप आला. डोळ्यांदेखत काढलेल्या दुधाचाही खवा कमीच. मी निरोप्याला सांगितलं, "शेठना सांग, पाणी गाईनंच घातलंय, तिला घेऊन जा." शेठ काही हसले नसावेत. वसुबारसेच्या आदल्या दिवशी पुन्हा खवा पाडणार, कमी भरला तर दुसरा गोठा बघणार, असं ठरलं.

त्या संध्याकाळी आबा चंद्री आणि तांबूच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवत होते. शेठ गेले तर त्या दोघी विकायच्या होत्या. आणि चार गाईंना गडी कशाला लागतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

* * *

सकाळी यशोदाबायनं माझं तोंड बघितलं. मी सगळं सांगितलं. ती गाईकडे गेलीच नाही. पायानं शेण सारून म्हणाली, "ह्ये बघ. पातल पानी झालंय. नुसतं हिरवं खातान, त्याचं दूध पन तसंच. आदी सुका पेंढा टाक, मंग हिरवं. आनि आबांना बोल, मूठभर पेंड चालू करा."

मी म्हणालो, "बाय, मग तुझं गवत कमी लागेल."

"चार भारे घेतोस, दोन घे," ती म्हणाली. "मला वझं कमी."

तिचं निम्मं गिऱ्हाईक गेलं होतं, आणि ती पदरानं घाम पुसत होती. मी त्या दिवशी कोणाचीच चेष्टा केली नाही.

* * *

गेल्या वर्षीचा पेंढा माळ्यावर होता. पण तिथे अडचण मीच करून ठेवलेली. पावसात शिडी चढायचा कंटाळा म्हणून मी आबांना सांगितलं होतं, माळ्यावर धामण आहे, हातभर जाड. आता आबा कोणाला चढूच देईनात.

"मी जातो," मी म्हणालो. "जीव गेला तरी बेहत्तर, गाई वाचल्या पाहिजेत."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ऐटीत चढलो, पहिली पेंढी उचलली, आणि खाली धामण होती. हातभर जाड.

चढलो शिडीनं. उतरलो कसा, ते आठवत नाही.

यशोदाबाय लुगडं खोचून वर गेली आणि पेंढ्या खाली टाकायला लागली. वरून तिचा आवाज आला, "गरीब हाय बिचारी. उंदीर खाते. दगडूपेक्षा कामाची."

* * *

आठवडाभर सुकं आधी, हिरवं मग, वर मूठभर पेंड. युक्ती कोणाची, ते मात्र मी आबांना सांगितलं नव्हतं. दूध दोन शेर कमी झालं आणि आबांचा धीर सुटायला आला. पण शेण घट्ट झालं होतं, आणि मी आता चरवीऐवजी शेणच बघत होतो.

ठरलेल्या दिवशी शेठनं खवा पाडला. तराजूत टाकला. पुन्हा टाकला. मग म्हणाले, "तराजू बिघडला वाटतं." तिसऱ्यांदाही काटा तिथेच. शेवटी त्यांनी दिवाळीचं सगळं दूध आमच्याकडेच सांगितलं.

वसुबारसेला आबांनी गाईंना हळदकुंकू लावलं आणि गल्लीतल्या सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर नवा टॉवेल टाकला. "दगडूनं गोठा वाचवला." मी मान खाली घालून टॉवेल घेतला. यशोदाबाय मागे मोरीजवळ उभी होती.

चंद्री आणि तांबू त्या दिवाळीला दावणीलाच राहिल्या. चंद्रीची पाचवी पिढी आज माझ्या दारात आहे. रोज सकाळी तिच्यापुढे आधी पेंढा टाकतो, तेव्हा त्या बाईची आठवण होते. तिच्यामुळे मी गाईंतला माणूस झालो.

* * *

तो टॉवेल मला सोसवेना. वसुबारसेच्या दुसऱ्याच सकाळी तो यशोदाबायच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "बाय, हा तुझा. आबांना मी खरं काय ते सांगणार आहे. आणि आणखी एक कबूल करतो. मोरीला इंग्रजी कळतं, हे मी खोटं सांगितलं होतं."

तिनं टॉवेलाची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "माज्या मुठीत मिठागरावरचं मीठ असतं. त्ये चाटलं का मोरी पान्हा सोडते. पन तू येकटा बसून तिला गुडमार्निंग बोलतोस ना, त्ये ऐकाया मी रोज भिंतीमागं भारा घेऊन उभी ऱ्हाते."