कान मोडलेली कॅसेट

कॉम्प्युटरच्या खेळातला माणूस खड्ड्यात पडूनही मेला नाही, तेव्हा मी किंचाळले होते. आई हातात लाटणं घेऊनच धावत आली. तिला वाटलं, कूलरमध्ये करंट उतरला. नागपुरात उन्हाळ्यात घरातून किंकाळी आली की माणसं आधी कूलरकडेच पाहतात.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. माझा मामेभाऊ परदेशातून एक कॉम्प्युटर घेऊन आला होता. वहीएवढा, काळा, बटणं खोडरबरासारखी मऊ. त्याचा त्याला लवकरच कंटाळा आला आणि परत जाताना तो आमच्या धंतोलीच्या घरी टाकून गेला. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, घरात आई आणि मी दोघीच. मी मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायचे आणि घरी येऊन त्या डबीशी झटापट करायचे. ती टीव्हीला जोडायची आणि खेळ चढवायचे कॅसेटवरून. होय, गाण्यांच्या असतात तसल्याच कॅसेटवरून. साध्या टेपरेकॉर्डरवर ती लावली की किर्रर्र खर्रर्र असा आवाज निघायचा, तारेतून तो कॉम्प्युटर ऐकायचा आणि काही वेळाने पडद्यावर खेळ उभा राहायचा. आई त्या आवाजाला मच्छरांची सभा म्हणायची.

त्या खेळात एक बुटका माणूस शिड्या चढून किल्ल्या गोळा करी. पडला की त्याचा एक जीव कमी. मी खेळाच्या पोटात शिरून जीव मोजणारा आकडा शोधून काढला आणि तो कमीच होऊ नये अशी व्यवस्था केली. कुठल्या तरी दूरदेशीच्या हुशार लोकांनी बनवलेली वस्तू, आणि तिने धंतोलीतल्या एका मास्तरणीचं ऐकावं! मला तर स्वतःचीच भीती वाटली.

असला खुळेपणा अख्ख्या शहरात मी एकटीच करते, अशी माझी समजूत होती. सीताबर्डीच्या एका दुकानात मी कमी लांबीच्या कोऱ्या कॅसेटी मागितल्या, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण खेळवाल्या का? एक सर येतात ना, तेही ह्याच मागतात." मी चाटच पडले. त्यानेच आमची गाठ घालून दिली. ते सर पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. त्यांनी त्याच खेळातल्या किल्ल्या काढून तिथे समोसे ठेवले होते. मी पाहिलं आणि मला रागच आला. हे मला का नाही सुचलं?

मग दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत मंडळी जमू लागली. सर, बँकेतला एक सडपातळ माणूस, मेडिकलला शिकणारी एक मुलगी, आणि त्यांच्यामागून आणखी. दुकानदाराने काउंटरवर आमचा पत्ता चिकटवून ठेवला होता, न विचारता. त्या पत्त्यावर अकोल्याहून, अमरावतीहून, एकदा तर जबलपूरहून पोस्टाने कॅसेटी यायला लागल्या. आम्ही बदललेला खेळ बाहेर जायचा आणि कुणी अनोळखी माणूस त्यात आपली भर घालून परत धाडायचा. अमरावतीच्या एका गृहस्थाने आमच्या खेळातल्या भुतांचे तिकीट तपासनीस केले होते. त्यांनी गाठलं की पडद्यावर यायचं, 'खाली उतरा'. ज्या माणसाचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं, तो माझ्या खेळात शिरून मला हसवून गेला होता. आजकालच्या मुली विचारतात, इंटरनेट नव्हतं तर तुम्ही एकमेकांना सापडलात कसे? मलाही तेव्हा हाच प्रश्न पडायचा आणि दारावर पोस्टमनची हाक आली की मी हातातलं टाकून धावायचे.

आई या पोट्ट्यांवर जीव टाकायची. त्यातले सर तिच्यापेक्षा फार लहान नव्हते, पण तिच्या लेखी सगळे पोट्टेच. कोथिंबिरीच्या सांभारवडीचं ताट समोर ठेवून ती म्हणायची, "खा गा आधी, तुमचं भूत कुठं पळून नाही चाललं."

आमच्यात एक नियम होता आणि तो पाळण्याचा मान आईकडे होता. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही कान म्हणायचो. कान मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. कुणाकडेही नवा, मूळ खेळ आला की आधी त्याचे कान मोडायचे, मग त्याची नक्कल काढायची आणि जे काय वाटोळं करायचं ते नकलेचं करायचं. मुळाला हात लावायचा नाही. आई अडकित्त्याच्या टोकाने कान मोडायची. टचकन आवाज झाला की सगळे टाळ्या वाजवायचे.

एका रविवारी तिने कपाटातून बाबांची कॅसेट आणली. "हिचेही मोडू का?" असं सरांना विचारलं, आणि स्वतःच मोडले.

त्या कॅसेटबद्दल सांगायला हवं. बाबा जायच्या आदल्या वर्षी यवतमाळला आत्याकडे गेले होते. आत्याच्या घरी नवा टेपरेकॉर्डर आला होता, त्यावर सगळ्यांनी त्यांना बळेच बोलायला लावलं. "लाल दिवा लागला का?" असं ते आधी विचारतात. मग कळंबजवळ बस कशी बंद पडली आणि आपण भजी खात कसे बसलो ते सांगतात, मग आत्याच्या वरणात मीठ नाही म्हणून तिची खेचतात. बस, एवढंच. बाबांचा दुसरा आवाज कुठेच नव्हता. ते गेल्यावर आत्याने ती कॅसेट आईला दिली आणि ती वाजवायला म्हणूनच आम्ही आमचा टेपरेकॉर्डर घेतला होता. मी शाळेत असताना दुपारी आई ती लावून बसायची. मी फार वेळा ऐकली नव्हती. एकदोनदा ऐकली तेव्हा बाबा गोधडी पांघरून बोलत असावेत असा आवाज यायचा, मऊ, जड, जरा बसलेला. शेवटी शेवटी त्यांची तब्येत बरी नव्हती, त्यामुळे असेल, असं आम्ही धरून चाललो.

आता एका स्क्रूचं. टेपरेकॉर्डरमध्ये टेप वाचणारा धातूचा एक तुकडा असतो, त्याला हेड म्हणतात. शेजारच्या बारक्या स्क्रूने ते हेड केसभर इकडे तिकडे कलतं. प्रत्येक मशीनचं हेड थोडं वेगळं कललेलं. म्हणून अकोल्याची कॅसेट आमच्या मशीनवर वाचताच यायची नाही. मग सरांनी झाकणाला एक भोक पाडलं. कॅसेट वाजत असताना त्यातून पेचकस घालायचा, हळूहळू स्क्रू फिरवायचा, आणि खर्रर्र आवाज अगदी टोकदार झाला की थांबायचं. त्या आवाजात खेळ हमखास चढे. भोक पाहून आईने पहिल्यांदा कपाळाला हात लावला होता. "टेपले काहून भोक पाडलं गा? तुम्ही काय वांग्यातले किडे आहात?" पुढे तिने तो पेचकस देवघराच्या खिळ्यालाच टांगला.

एका सोमवारी मी शाळेतून आले तर आई टेपरेकॉर्डरसमोर जमिनीवर बसली होती. चेहरा पांढराफटक.

"तुझे बाबा गेले वं," ती म्हणाली.

ते तर केव्हाच गेले होते. तिने बटण दाबलं. कॅसेटमधून नुसती घुमघुम येत होती, बंद दाराआड कुणी पुटपुटावं तशी. एक शब्द कळत नव्हता.

"कान मोडले होते ना वं? तरी कोणी पुसलं?"

मला एकदम कळलं. एरवी स्क्रू केसभरच हलायचा, पण आदल्याच दिवशी अकोल्याची एक हट्टी कॅसेट चढावी म्हणून सगळ्यांनी आळीपाळीने तो पार पिळला होता. कॅसेटला कुणाचं बोटही लागलं नव्हतं. मुळाला हात लावायचा नाही हा नियम आम्ही सोवळ्यासारखा पाळला होता. पण ते मूळ ज्यातून ऐकू येतं ते मशीनही मुळातच जमा असतं, हे भूमिती शिकवणाऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या, एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो आठवडा आई धड जेवली नाही. कुणी चुकवू नका म्हणून मी सगळ्यांना आधीच निरोप धाडले आणि रविवारी झाडून सगळे आले. सर म्हणाले, "काकू, घाबरू नका. टेपले काहीच झालं नाही. आता पाहा."

त्यांनी बाबांची कॅसेट लावली, भोकातून पेचकस घातला. खोलीत कुणी हलेना. घुमघुम हळूहळू पातळ झाली. मग शब्द आले. बस, भजी. मग मागे हसणाऱ्या आत्याचा आवाज आला, जो मी आधी कधी ऐकलाच नव्हता. सर फिरवत गेले आणि मग एकाएकी, काच पुसावी तसे बाबा खोलीत आले. चिरका, घाईचा, शब्दाच्या शेवटी वर चढणारा आवाज. फाटकातूनच माझ्या नावाने ओरडत यायचे तो! मी विसरून गेले होते. माझ्या तोंडून "बाबा!" असं निघून गेलं आणि मला रडू फुटलं. पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्याच्या मशीनचं आणि आमच्या मशीनचं हेड पहिल्यापासूनच जुळत नव्हतं, ते आज जुळलं, असं सर आनंदाने समजावत होते. इतकी वर्षं आपण बाबांना धड ऐकलंच नव्हतं.

आईने पुढे होऊन टेप बंद केला.

"हा कोण बोलून राहिला?" तिने विचारलं.

टाळ्या थांबल्या. मला वाटलं, थट्टा करते आहे. मी म्हटलं, "आई, बाबा आहेत ना."

"हे ते नाहीत," ती म्हणाली. "ते असे बोलत नव्हते."

या बाईने त्या माणसाशी पंचवीसेक वर्षं संसार केला होता. मी म्हटलं, अगं असेच बोलायचे, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, तूच तर म्हणायचीस की हळू बोला, शेजारचे ऐकतात. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी बाबांविषयी काहीतरी वंगाळ बोलले आहे.

"सर, मले पहिल्यासारखं करून द्या," ती म्हणाली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सरांनी स्क्रू मागे घेतला. "आता, काकू?" आई म्हणाली, नाही. अजून जरासा. "आता?" नाही. दुसऱ्या बाजूला नेला. बँकेतल्याने करून पाहिलं, मेडिकलच्या मुलीने करून पाहिलं. अकोल्याच्या, जबलपूरच्या खर्रर्रमधून टोकदार आवाज नेमका पकडणारी ती माणसं, पण धूसर आवाज नेमका कुठला, हे कुणाच्याच कानाला सांगता येईना. ते माहीत होतं फक्त आईला. ती आधी मान हलवत होती. मग तिने मान हलवणं सोडलं.

"काकू, आता?"

"आता मलेच आठवत नाही गा," ती म्हणाली. "हा नवा आवाज कानात जाऊन बसला." आणि मग, कुणालाच उद्देशून नव्हे, "म्हणजे मी इतके दिवस कोणाले ऐकून राहिली होती?"

सांभारवडीच्या ताटाला कुणी शिवलंही नाही. जाताना सरांनी स्क्रू त्या स्वच्छ आवाजावर आणून ठेवला, कारण तेवढीच एक जागा खात्रीने सापडत होती. पेचकस ते आपल्यासोबत घेऊन गेले. पुढच्या रविवारपासून सगळे त्यांच्याच घरी जमू लागले आणि कॅसेटीही त्यांच्याच पत्त्यावर यायला लागल्या. मी जात असे, पण मनावर दगड ठेवून.

आईने ती कॅसेट लावणं सोडलं. दुपारी ती नुसती बसायची. नवऱ्याला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखी दिसायची. मला तिची दया यायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. माझे बाबा तिथे मशीनमध्ये लख्ख बोलत होते आणि तिला ते नको होते.

थंडीच्या दिवसांत एकदा शाळा लवकर सुटली. घरात शिरले तर बैठकीतून काहीतरी घुमत होतं. आईने टेपरेकॉर्डरवर तिची जुनी गोधडी घातली होती, घडी करून, चांगली जाड. वरून हाताने चापून ती तिने सारखी केली होती आणि त्यावर कान टेकून ती आडवी झाली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

"हळू वं," ती म्हणाली. "आता कुठं ते बोलून राहिले."

मी तिच्या शेजारी बसले. तिचा डोळा लागला तशी कॅसेट संपली. मी गोधडीखाली हात घालून ती पुन्हा सुरुवातीला आणली, वाजवली आणि गोधडीचा एक कोपरा हळूच उचलला. "लाल दिवा लागला का?" बाबांनी विचारलं, चिरक्या आवाजात, अगदी फाटकात उभे असल्यासारखे. झोपेतच आईच्या कपाळाला आठी पडली.

मी कोपरा परत खाली सोडला.