कुंदाताईंची माती

कुंदाताई रस्त्याने चालताना मध्येच थांबायच्या, वाकून चिमूटभर माती उचलायच्या, बाटलीतलं थोडं पाणी घालून तिची गोळी वळायच्या आणि गोळीला भेग पडते का ते बघत उभ्या राहायच्या. विम्याच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय. विचारलं तर म्हणाल्या, "अहो साठे, ही बुरजाला चालेल. तटाला नाही." दिवाळी तेव्हा बरीच लांब होती.

दिवाळीत आपल्याकडे मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात आणि मिसरूड फुटलं की सोडून देतात. कुंदाताईंनी तो सोडलाच नव्हता. पन्नाशीची, बोलायला फटकळ अशी ही बाई दरवर्षी रजा टाकून गॅलरीत किल्ला करायची. मला नसत्या चौकशांची खोड. गोणपाट चिखलात किती वेळ भिजवायचं, अळीव कधी पेरले म्हणजे ऐन दिवाळीत डोंगर हिरवा होतो, सगळं विचारून घ्यायचो. गड स्वतः चढून आल्याशिवाय त्या त्याची वीटही मांडत नसत. "फोटो बघून केलेला किल्ला आणि फोटो बघून केलेलं लग्न, मागची बाजू कळत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते त्या नवऱ्यासमोरही म्हणायच्या.

अशा बाईने एक दिवस स्वेच्छानिवृत्ती घेतली, कात्रजला एक शेड भाड्याने घेतली आणि किल्ले विकायला काढले. लिफ्टमध्ये मावेल असा राजगड, गॅलरीत बसेल असा तोरणा. आम्ही ऑफिसात खूप हसलो, पण गिऱ्हाईक आलं. नागपूर-अमरावतीकडून नोकरीसाठी आलेली जोडपी यायची. "आमच्याकडे नसते हो ही पद्धत, पण इथे पोरगं मागतंय," म्हणायची. त्यांच्याशी मात्र कुंदाताई कधी खवचट बोलल्या नाहीत. उलट चहा पाजून प्रत्येक दरवाजा समजावून सांगायच्या.

अडचण एवढीच, की दिवाळी वर्षातून एकदा येते आणि भाडं दर महिन्याला. घरचे शेड बंद करा म्हणून मागे लागले. तेवढ्यात मार्केट यार्डाच्या बाजूच्या एका मोठ्या सोसायटीने हिरवळीवर कायमचा किल्ला करून मागितला. सिमेंटचा, दिव्यांचा, पावसात न विरघळणारा. कुंदाताईंनी सगळा उन्हाळा त्यात घातला. काम देखणं झालं, शेड वाचली आणि आम्हा हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

दिवाळीत त्या कौतुकाने तो बघायला गेल्या. लोक त्याच्यासमोर फोटो काढत होते. मुलांचा किल्ला कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, तर अध्यक्ष खुशीत म्हणाले, "आता कशाला? तुमचा आहे ना. चिखल नाही, कटकट नाही." संध्याकाळी मला फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. "साठे, मी पोरांच्या हातातली माती काढून घेतली हो."

मी धंद्याच्या चार गोष्टी सांगितल्या. तसल्याच किल्ल्यासाठी आणखी सोसायट्या विचारत होत्या, त्यात शेड आरामात चालली असती. त्यांनी सगळ्यांना नाही म्हणून सांगितलं. तयार किल्लेही बंद केले. पुढे काय, याची मला उत्सुकता होती आणि खरं सांगायचं तर काळजीही. गेलो तर शेडमध्ये त्या माती चाळत बसलेल्या. आता त्या नुसती माती विकणार होत्या. चाळलेली माती, विटा, गोणपाट, अळिवाची पुडी, सगळं दारात पोचवून. किल्ला ज्याचा त्याने करायचा. पुण्यात माती कोण विकत घेईल, असं मी विचारलं. "इथे सल्ला सोडून सगळं विकत घेतात," त्या म्हणाल्या.

शेड अजून आहे, पण दर दिवाळीनंतर ती राहील की जाईल याची धाकधूक असते. गेल्या वर्षी माती पोचवायला मी त्यांच्याबरोबर टेम्पोतून गेलो होतो. त्याच सिमेंटच्या किल्ल्याच्या सोसायटीतल्या दोन आयांनी ती मागवली होती. पार्किंगच्या मागे मुलांनी कामाला हात घातला. बुरूज एका बाजूला कलला होता, पायऱ्या भलत्याच दिशेला निघाल्या होत्या. मी कुंदाताईंच्या हातांकडे बघत होतो. ते शिवशिवत होते, हे मला चांगलं कळत होतं. कोपरापर्यंत चिखलाने माखलेल्या एका मुलीने वर बघून विचारलं, "काकू, तुम्हाला येतो का किल्ला करायला?"

कुंदाताईंनी पदर खोचला आणि तिच्या शेजारी फतकल मारली. म्हणाल्या, "नाही गं. कसा करतात?"