सुभाषची उशी

समाजकल्याण कार्यालयाच्या बाकावर सुभाष मांडीवर उशी घेऊन बसला होता. वय बावन्न, समज लहान मुलाची. शेजारी ऐंशी ओलांडलेली आई. ‘निवासी गृहात आपली उशी न्यावी लागते,’ असं तिनेच त्याला एकदा सांगितलं. तेव्हापासून तो प्रत्येक खेपेला उशी आणतो. ही चौथी खेप. त्याचा अर्ज मीच भरून दिलाय, म्हणून चारही खेपा पाहिल्यात.

“आजी, अर्ज पुढे पाठवलाय,” कारकून म्हणाले. “जागा झाली की कळवू.”

“जागा होते कधी, भाऊ?”

ते फायलीत बघू लागले.

“तिथलं कुणी गेलं, की मगच ना?”

“आता काय सांगू, आजी.”

“म्हणजे माझ्या पोराला खाट मिळावी म्हणून मी कुणाच्या मरणावर टपून बसू?”

निवारा हा हक्क आहे, उपकार नव्हे, अशी पत्रकं मी गल्लोगल्ली वाटते. ओरडून घसा बसलाय. पण या बाईला द्यायला माझ्या एकाही पत्रकात उत्तर नाही. कागद पुढे जातो, माणूस बाकावरच राहतो. नवी गृहं कुणी बांधत नाही, आणि म्हाताऱ्या आया आपलं मरण पुढे ढकलत जगतात.

परतीच्या बसला अजून तासभर अवकाश होता. आजींचे डोळे मिटायला लागले. सुभाषने उशी झटकली आणि तिच्या पाठीशी सरकवली.

“तू झोप, आई. माझी खाट आली की उठवतो.”