कानवाल्या मिस्त्रीच्या गाडीचा काटा

पेट्रोलचा काटा म्हणजे ज्याला कान नाहीत त्याची सोय, असं मिस्त्री गेली वीस वर्षं छाती फुगवून सांगत आला होता. त्याच्या स्वतःच्या जुनाट स्कूटरचा काटा अकरा वर्षं तळाला झोपलेला. रोज सकाळी हँडल धरून गाडी दोनदा हलवायची, टाकीतली डुचमळ ऐकायची आणि बायकोला ऐटीत सांगायचं, "दीड लिटर. बस मागे." आकडा कधी चुकला नाही. गिऱ्हाइकाच्या चालू इंजिनवर तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि काही न खोलता दुखणं सांगायचा. गल्ली त्याला 'कानवाला' म्हणायची. गॅरेजवर पाटीसुद्धा नव्हती. सगळा धंदा त्या दोन कानांवर.

गेल्या तीन महिन्यांत मात्र गाडी दोनदा भर रस्त्यात पेट्रोल संपून बंद पडली. बायकोने मुकाट्याने ढकलली. पहिल्यांदा त्याने पंपवाल्याच्या नावाने खडे फोडले, दुसऱ्यांदा टाकी गळते म्हणाला. टाकी ठणठणीत होती. त्याला डुचमळच ऐकू येत नव्हती. हे तो कोणाशी बोलला नाही आणि बायकोनेही विषय काढला नाही. एवढंच, की हल्ली ती मागून हाक न मारता खांद्याला हात लावायची.

शेवटी एका दुपारी, गल्ली सुस्तावलेली बघून, तो गुपचूप काट्याचा टाकीतला सेन्सर बदलायला बसला. सीट काढली, टाकी रिकामी केली, वरची चकती सोडवून जुना सेन्सर बाहेर काढला. तारेच्या दांडीवरचा फ्लोट पेट्रोल पिऊन जड झालेला. तो कसला तरंगतोय! त्या मॉडेलचा सेन्सर आता मिळत नाही, म्हणून दुसऱ्या गाडीचा आणला होता. त्याची दांडी लांब निघाली. ती पक्कडीने जराशी वाकवली, वायरी जोडल्या, चावी फिरवली आणि फ्लोट बोटाने वर उचलला. मीटरमधला काटा लाजत लाजत उठला. मग नवं रबर घालून चकती आवळली, बायकोने नरसाळं धरलं, त्याने पेट्रोल ओतलं. काटा अर्ध्यावर जाऊन थांबला. काम चोख झालं होतं, आणि चोख कामाचं इतकं वाईट त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं.

"आता ढकलायला नको," बायको समोर येऊन, तोंड नीट दिसेल अशी उभी राहून म्हणाली.

"गाडीचं वय झालं."

"हो, गाडीचंच."

तेवढ्यात दूधवाला त्याची मोटरसायकल घेऊन आला. ती चालूच ठेवून त्याने इंजिनाकडे बोट दाखवलं आणि वाकून म्हणाला, "मिस्त्री, आत टकटक होतेय. दुसरा एक जण अख्खं इंजिन खोला म्हणतो. तुम्ही कान लावा, मग ठरवू."

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. जबड्यात मुंग्या आल्या. बाकी काही नाही. जागा बदलली, कान बदलला. तरी काही नाही. 'टॅपेट सैल झालेत' म्हणून वेळ मारून नेता आली असती. दहातल्या सहा गाड्यांची टकटक तीच असते. पण अंदाजपंचे बोलणाऱ्या मिस्त्र्यांना त्याने जन्मभर शिव्या घातल्या होत्या. त्याने बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून नरसाळं पुसत राहिली.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

इंजिनाच्या धडधडीत दूधवाल्याला काही कळलं नाही. त्याने एका हाताने चावी फिरवून गाडी बंद केली, दुसरा हात कानामागे धरला आणि मान पुढे केली. गल्ली एकदम शांत झाली. मिस्त्रीला दिसला तो फक्त कानामागचा हात. इंजिनाच्या वर आवाज चढवायला त्याने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "अरे, मला ऐकू येत नाही!"

समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. बायकोने खांद्याला हात लावला, तेव्हा तो तिसऱ्यांदा ओरडत होता.