मेटल डिटेक्टरचा पहिला रविवार

दादा म्हणतो तसं असेल, मी पैसे उडवले. पण सुट्टीच्या दिवशी एवढ्याशा खोलीत पडून करायचं काय, ते त्यानंच सांगावं.

म्हणून सेकंडहँड मेटल डिटेक्टर घेतला. आज हॅम्बर्गच्या आमच्या वस्तीमागच्या मोकळ्या रानात पहिल्यांदा फिरवला. दोन तास नुसती बाटल्यांची झाकणं. मग मशीन जोरात वाजलं. खणलं तर हातभर लांब, जड, मातीनं लडबडलेलं काहीतरी. गावाकडं कुदळीची माती झाडतो तसं मी त्यावर फावडं आपटायला लागलो.

कुत्रं फिरवणारे एक आजोबा लांबूनच ओरडले, "हात लावू नको. हळू मागे ये."

महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब होता.

आजोबांनी बोलावलेल्या पोलिसांनी विचारलं, "परवानगी कुठंय?" असं शोधायला इथं परवानगी लागते, हे मला आज कळलं. मशीन त्यांनी नेलं. दंडाचं पत्र घरी येईल म्हणाले.

तेवढ्यात आईचा फोन. "काय केलंस रे आज?"

"झोपलो होतो."

तुम्ही असलं घरी सांगता का? मला नाही जमलं. दंडाचं पत्र यायच्या आत, आहेत तेवढे पैसे आईच्या खात्यावर टाकतोय. तीनशे वीस युरो.