कॉन्टॅक्टरमधली पाचर

विणकामाच्या त्या शेडला खिडक्या नव्हत्या. उजेड म्हणजे छताखालचे साठ दिवे, आणि दिवे म्हणजे आमचा वायरमन. भिंतीवरच्या लोखंडी पेटीत त्याचा कॉन्टॅक्टर होता. हिरवं बटण दाबलं की आतली गुंडाळी चुंबक होई, पट्ट्या ओढून धरी आणि दिवे लागत. लाल दाबलं की स्प्रिंग त्या पट्ट्या दूर ढकले. वीज गेली तरी त्या अशाच सुटत. आणि परतली, तरी माणसानं जाऊन हिरवं बटण दाबेपर्यंत अंधारच राही. कुणी शिडीवर असेल, कुणाचा हात तारेवर असेल, एवढी काळजी त्या मुठीएवढ्या वस्तूत भरलेली होती. वायरमन हे नव्या माणसांना अशा थाटात सांगे, जणू ती त्यानंच घडवली.

त्या वर्षी वीज दिवसातून दहादा जायची. दर वेळी शेडचं दुसरं टोक गाठायचं. त्याचे गुडघे दुखत. विणकर बाया अंधारातून टोमणे मारत.

"वायरमन, निघालात का? का गाडी करून देऊ?"

शेवटी त्यानं बांबूची पाचर तासली आणि पट्ट्या दाबलेल्याच राहतील अशी कॉन्टॅक्टरमध्ये बसवली. वीज आली की दिवे आपोआप लागू लागले. संध्याकाळी मेन स्विच पाडून तो पाचर काढी, सकाळी पुन्हा घाली. बाया खूश, गुडघेही खूश.

त्याच्या हाताखाली त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. एका दुपारी वीज गेली, तेव्हा जळका होल्डर बदलून घ्यावा म्हणून मेहुण्यानं शिडी लावली.

"भावजी, कॉन्टॅक्टर सुटलाय ना?"

वायरमन पेटीपाशीच फ्यूजची तार कापत होता. "सुटलाय, चढ. का पायघड्या घालू?"

वीस वर्षं वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतच आला होता. तोंडातून सवय बोलून गेली.

वीज आली. माग गप्पच राहिले, कारण त्यांच्या पेट्यांत कुणी पाचर घातली नव्हती. दिवे मात्र भक्कन लागले. मेहुणा बारा फुटांवरून खाली आला.

वायरमननं मेन पाडला. ते बरोबरच केलं. पण मग त्यानं पेटी उघडली, पाचर उपटून खिशात घातली, आणि त्यानंतर मेहुण्याकडे धावला.

मेहुणा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, पाय आखूड झाला, नोकरी सुटली. मेन न पाडता चढला, असं मुकादमानं ठरवलं. मेहुण्यालाही ते पटलं.

"कुणीतरी बटण दाबलं असणार, भावजी. पण मेन मीच पाडायला हवा होता. तुम्ही शिकवलं होतं."

असं तो नऊ वर्षं म्हणत राहिला, आणि वायरमन फरशीकडे बघत राहिला. बहीण नवऱ्यासोबत डबा घेऊन जायची, तीही भावालाच बोलायची, "ह्यांनी एवढं शिकवलं, तरी अक्कल गहाण टाकलीस."

गेल्या महिन्यात मेहुण्याच्या घरी बल्ब गेला. त्याची बायको स्टुलावर चढली. मेहुणा हसत म्हणाला, "मी हात लावत नाही, भावजी. माझा माझ्यावर भरवसा नाही."

तेव्हा वायरमननं पाचरीचं सगळं सांगितलं.

मेहुण्यानं आपल्या तीन बोटांकडे बघितलं. "ताईला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग तिला सांगा. माझ्या तोंडून कळायला नको."

वायरमन घरी आला तेव्हा त्याची बायको कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "चढताना त्यानं तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारलं होतं."

हातातला सदरा अर्धवट ठेवून तिनं चपला घातल्या आणि ती भावाकडे गेली. आठव्या दिवशी परतली. जेवायला वाढते, दुखऱ्या गुडघ्यांना तेलही चोळते. भावाकडे मात्र आता ती एकटीच जाते.