पहारेकऱ्याच्या नजरेत

रविवारी दुपारी मी ठाण्याच्या वर्तकनगरहून डोंबिवलीच्या मानपाड्याला दादाकडे गेलेले, लॅपटॉप घेऊन. त्यात आमचा जुना गेम टाकलेला. महायुद्धातला. मूठभर सैनिक घेऊन शत्रूच्या तळात शिरायचं, पहारेकऱ्यांना न दिसता. पहारेकरी जिथे बघतो तिथे स्क्रीनवर हिरवा पट्टा फिरतो. त्यात सापडलात की मेलात. कॉलेजात असताना दादा तासन्तास हे खेळायचा आणि मी शेजारी बसून "अरे, मागून येतोय!" म्हणून बोंबलायचे.

दादाला अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झालेत. उजवा हात गेला, बोलणं गेलं. समजतं सगळं, शब्द तेवढा बाहेर येत नाही. डॉक्टर म्हणालेले, आवडीचं काहीतरी करायला द्या, कदाचित बोलेल. त्या 'कदाचित'वर आम्ही आठ महिने काढले.

आणि आमचे नातेवाईक! आजारी माणसाला बघायला जायचं म्हणजे जायचंच. पलंगासमोर खुर्च्या मांडून बसतात आणि चहा येईपर्यंत परीक्षा घेतात. "मला ओळखलंस का? नाव सांग बघू माझं." दादा तोंड उघडतो, घशातून नुसता आवाज येतो. मग "अरेरे, कसा होता आणि काय होऊन बसलं!" त्याच्या तोंडावर! माझं डोकंच फिरतं. पण खोटं कशाला बोलू, पहिल्या महिन्यात मीही त्याला माझं नाव विचारलेलं.

त्याने डाव्या हातात माउस धरला. सवय उजव्या हाताची. तरी एका सैनिकाला सरपटत भिंतीपाशी नेलं, पहारेकरी वळेपर्यंत थांबवलं, मग पुढे काढलं. मला रडूच फुटलं. मी लगेच व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: "दादा खेळतोय! सुधारतोय!" धडाधड अंगठे आले. टिटवाळ्याच्या मामांनी लिहिलं, "डोंबिवलीतच आहोत, बघायला येतो." मी पण अशी येडी, "या ना" म्हटलं. दादाला वाचूनही दाखवलं.

तोवर त्याने सगळे सैनिक एका गोदामामागे आणून ठेवलेले. हिरवा पट्टा तिथे पोचत नव्हता. माउस सोडून तो नुसता बघत बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"अरे, हलव ना त्यांना. पूल उडवायचाय आपल्याला."

त्याने मान हलवली. नाही.

"घाबरतोस काय एवढा? मेले तर परत सुरू करू." मी माउस ओढून घेतला आणि एकाला बाहेर काढलं. दोन पावलांत गोळी लागून तो पडला. दादाने माझं मनगट पकडलं, असं घट्ट की मला दुखलं.

तेवढ्यात बेल वाजली. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली, "मामा आले वाटतं. खुर्च्या काढ गं."

दादाचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"ल... लपव," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "मला."

आठ महिन्यांनी बोलला माझा दादा. दोन शब्द. बेल परत वाजली. लिफ्ट बंद, सत्तरीचे मामा तीन जिने चढून आलेले. त्यांना काय दारातून परत पाठवू? मी डोळे पुसले, मनगट सोडवून घेतलं आणि दार उघडलं. आणि पहिलं वाक्य काय बोलले मी? "मामा, दादा बोलला!"

"अरे वा!" मामा चपला काढत म्हणाले. "काय बोलला?"